खांदेमळणी

आमच्या गावचा एक मुलगा बाराव्या वर्षी बोहल्यावरून पळाला. त्या गोष्टीला चारशे वर्षे होऊन गेली, तरी मी जांबचा आहे असे कळले की लोक अजून मला त्याच्याविषयीच विचारतात. जालना जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, म्हणून ते जांब समर्थ. भटजींनी 'सावधान' म्हटले आणि सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण खरोखरच सावध झाला, अशी कथा आहे. तो शब्द लग्नात आपण सगळेच ऐकतो. मीही ऐकला होता. पण अंतरपाटाच्या पलीकडे काय आहे याची उत्सुकता इतकी दांडगी होती की शब्दाकडे लक्षच गेले नाही. (हे सौ. वाचणार आहे, म्हणून लगेच सांगतो, की पश्चात्ताप मुळीच नाही!)

यंदा, म्हणजे २०२५ च्या रामनवमीला, त्याच गावाजवळच्या एका माळावर मी पुन्हा एकदा सावध राहायला चुकलो. त्याचा मात्र पश्चात्ताप झाला. दिवाळीच्या अंकात रडगाणे नको हे मला कळते. पण ज्यांच्या घरात चेंडूमागे धावणारे एखादे पोर आहे, त्या आईबापांनी चकलीचा तुकडा मोडता मोडता माझी ही हकिगत ऐकून घ्यावी.

मला क्रिकेटचे वेड आहे. 'मराठीच्या प्राध्यापकाला हे शोभते का?' असे आमच्या घरात अधूनमधून विचारले जाते. अशा वेळी मी प्रा. दि. ब. देवधरांचे नाव पुढे करतो. ते पुण्यात संस्कृत शिकवीत, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे शंभरी ओलांडून १९९३ साली ते गेले. संस्कृत शिकवून जर एवढे करता येते, तर मराठी शिकवणाऱ्याने निदान सामना पाहायला कुणाची हरकत नसावी!

माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. अकरावीत शिकतो आणि जलद गोलंदाजी करतो. उंच, सडपातळ, हात गुडघ्यापर्यंत पोचणारे. पळत आला की जमिनीला पाय लागतात की नाही अशी शंका यावी. दादा शेती करतो. त्याला क्रिकेटमधले फारसे कळत नाही, पण मुलाचे नाव पेपरात आले की कात्रण देवघरात ठेवतो. मुलाला पहिला चामडी चेंडू मी आणून दिला. तेव्हा या प्रकरणातला पहिला आरोपी कोण, हे वाचकांनी आत्ताच टिपून ठेवावे.

रामनवमी रविवारी आली होती. उत्सवासाठी आम्ही सगळे गावी गेलो. दुपारी शेजारच्या गावात टेनिस चेंडूच्या सामन्यांची अंतिम फेरी होती. अशा स्पर्धा आता आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात होतात. मैदानाभोवती पुढाऱ्यांचे फलक, एका बाजूला मांडव, मांडवात रोख बक्षिसाचा आकडा रंगवलेला भला मोठा पुठ्ठा, आणि कर्ण्यांवर गाणी. आमच्या पुतण्याचा संघ अंतिम सामन्यात होता. त्या एका दिवसातला तो त्याचा तिसरा सामना. ऊन असे, की मैदानाकडे बघवत नव्हते.

'प्राध्यापक आलेत!' असा गलका झाला आणि मला मांडवात नेऊन बसवले. थोड्या वेळाने समालोचन करणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला, तेव्हा ध्वनिक्षेपक माझ्या हाती आला. वाचकहो, वर्गात मागच्या बाकावरची मुले माझ्यासमोर बिनदिक्कत झोपतात. त्या माळावर मात्र माझ्या प्रत्येक वाक्याला शिट्ट्या पडत होत्या. माणूस किती लवकर बिघडतो ते मला त्या दिवशी कळले.

शेवटच्या षटकात समोरच्या संघाला आठ धावा हव्या होत्या. पुतण्याचे एक षटक शिल्लक होते. मी पाहिले, की त्याने डाव्या हाताने उजवा खांदा दाबून धरला आहे. तो कर्णधाराजवळ गेला, काहीतरी बोलला. कर्णधाराने मान हलवली आणि दुसऱ्या एका मुलाला हाक मारली. म्हणजे दोन पोरांनी मिळून योग्य तो निर्णय घेतला होता. तेवढ्यात त्यांच्याहून तीस वर्षांनी मोठा, एम.ए. झालेला एक गृहस्थ कर्ण्यावरून गरजला, "छे, छे! शेवटचं षटक आमचा जांबचा वाघच टाकणार!"

मग काय विचारता! चारी बाजूंनी 'वाघ! वाघ!' सुरू झाले. पोराने एकदा मांडवाकडे पाहिले. मग चेंडू हातात घेतला आणि षटक टाकले. तीन धावांनी सामना जिंकला. मुलांनी त्याला खांद्यावर घेतले. त्याच्या खांद्याचे काय झाले हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरात परतलो. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, पोराला सदऱ्याच्या बाहीत हात घालता येईना झालाय."

जालन्याच्या डॉक्टरांनी तपासले, चित्रे काढली आणि शांतपणे विचारले, "किती महिने खेळतोय?" दिवाळीपासून, असे उत्तर होते. दिवाळीपासून रामनवमीपर्यंत पाच महिने. सकाळी चामडी चेंडूचा सराव, शनिवार-रविवारी सामने, मधे जिल्ह्याची निवड चाचणी, कॉलेजचे सामने, आणि फाल्गुन लागल्यावर टेनिस चेंडूच्या स्पर्धा. नंतर आम्ही वही घेऊन बसलो आणि आठवेल तसा हिशेब मांडला. सहा हजारांच्या वर चेंडू भरले. त्या शेवटच्या सहा चेंडूंनी खांदा दुखावला असे नव्हे, डॉक्टर म्हणाले. आधी पाय थकतात. पाय थकले की धाव ढिली पडते. धावेतून मिळणारा जोर कमी झाला की तोच वेग राखण्यासाठी पोर सगळा भार खांद्यावर आणि कमरेवर टाकते. वाढत्या वयात हाडे अजून पुरती भरलेली नसतात. म्हणून तरुण जलद गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यांना बारीक तडे जातात. खांद्याच्या स्नायूंचेही तेच. हंगामाच्या शेवटी थकलेले अंग आणि जिंकायची ईर्ष्या यांची गाठ पडली की असे होते. "थोडक्यात निभावलं," ते म्हणाले. "तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही."

जूनमधली निवड चाचणी हुकली. परीक्षा हुकली तर पुढच्या वर्षी देता येते. पण 'एकोणीस वर्षांखालील' या शब्दांतले वय कुणासाठी थांबत नाही. दादा मला एक शब्दही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

माझा मेहुणा गेली कित्येक वर्षे अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ राहतो. तिकडे गेल्यावर तो बेसबॉलच्या नादी लागला. त्याला फोनवर सगळे सांगितले, तेव्हा त्याने मला त्याच्या गावच्या संघाची गोष्ट सांगितली. बेसबॉलच्या मोठ्या स्पर्धेत प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो, आणि खरी झुंज त्यानंतर ऑक्टोबरात असते. त्यांचा पिचर म्हणजे आपला गोलंदाज समजा. वॉशिंग्टनकडे स्टीफन स्ट्रासबर्ग नावाचा तरुण पिचर होता. २०१० साली त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली होती. २०१२ साली संघ गुणतक्त्यात आघाडीवर असताना, ऐन सप्टेंबरात, चोवीस वर्षांच्या या मुलाला चालकांनी सांगितले, 'तुझे यंदाचे काम संपले. घरी बस.' त्याचा हात चांगला चालला होता, तरी! अंतिम झुंजीत त्याच्याशिवाय उतरलेला संघ पहिल्याच फेरीत हरला. मेहुणा म्हणतो, त्या वेळी त्याने स्वतः चालकांना शिव्या दिल्या होत्या. पण २०१९ साली तोच संघ अजिंक्य ठरला, आणि अंतिम मालिकेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून स्ट्रासबर्गची निवड झाली.

गोष्ट इथेच संपवली असती तर छान झाले असते. पण मेहुणा प्रामाणिक आहे. त्यानंतर स्ट्रासबर्गला पुन्हा दुखापतींनी गाठले, पुढे तो जवळजवळ खेळलाच नाही, आणि २०२४ साली निवृत्त झाला. विश्रांती म्हणजे काही विम्याची पॉलिसी नव्हे. पण त्या मुलाच्या वाट्याला जी चांगली वर्षे आली, त्यांत 'घरी बस' म्हणणाऱ्या माणसांचाही वाटा असावा, असे मला वाटते.

मेहुण्याने आणखी एक गोष्ट सांगितली. पोरांच्या बेसबॉलसाठी तिकडे २०१४ साली वयोमानाप्रमाणे मर्यादा सुचवण्यात आल्या. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने एका दिवशी फार तर १०५ चेंडू फेकावेत. एवढे फेकले तर पुढचे चार दिवस विसावा घ्यावा. आणि वर्षातले किमान चार महिने स्पर्धेत चेंडू फेकूच नये, त्यांतले दोन-तीन महिने तर सलग, हात खांद्याच्या वर नेऊन काही फेकायचेच नाही. चार महिने! मी ते ऐकून उडालोच. हा तर आपला चातुर्मास! आपल्या वाडवडिलांनी कांदा-लसणापासून लग्नमुहूर्तांपर्यंत सगळ्यांना चार महिन्यांची सुटी दिली. खेळाला निराळी द्यावी लागली नाही, कारण ती पाऊसच देत असे. देवधरांच्या काळचे क्रिकेट म्हणजे मुख्यतः थंडीचा खेळ. मैदानात चिखल झाला की गोलंदाजाचा खांदा आपोआप घरी बसायचा. आता बंदिस्त जाळ्या आहेत, विजेचे झोत आहेत, उन्हाळी शिबिरे आहेत आणि पावसाळी शिबिरेही आहेत. हंगाम उरलाच नाही. म्हणून हंगामाचा शेवटही कुणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त पोराच्या अंगाला.

मग पोरे थांबत का नाहीत? कारण स्वप्न आता खरोखरच हाताच्या अंतरावर आले आहे. आमच्या जालन्याच्या विजय झोलने २०११ साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. शेजारच्या बीडच्या सचिन धसने २०२४ च्या त्याच स्पर्धेत, उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या. गोदाकाठच्या पोरांना आता मुंबई-पुणे लांब वाटत नाही, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण स्वप्न जवळ आले की थांबायची भीती वाढते. आपण एक रविवार बसलो तर आपल्या जागी दुसरा कोणी उभा राहील, ही ती भीती.

मोठ्यांचे तसे नसते. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात जसप्रीत बुमराहने पाच कसोट्यांत ३२ बळी घेतले. पण सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीच्या दुखण्याने त्याला एकही चेंडू टाकता आला नाही. म्हणून यंदाच्या इंग्लंड दौऱ्यात त्याने पाचांपैकी तीनच कसोट्या खेळायच्या, असे आधी ठरले आणि तो तेवढ्याच खेळला. त्याच्या पाठीशी डॉक्टर आहेत, मंडळ आहे, नाव आहे. माळावरच्या सतरा वर्षांच्या पोराच्या पाठीशी कोण असते? एक कर्णधार, तोही त्याच्याच वयाचा. आणि मांडवात बसलेला एक काका.

पुतण्या जुलैपासून आमच्याकडे शहरात राहायला आला होता. खांद्याचे व्यायाम शिकवणारे एक तज्ज्ञ इथे होते. दाराच्या कडीला रबराची पट्टी बांधून तो रोज सकाळ-संध्याकाळ हात ओढायचा. ४ ऑगस्टला ओव्हलच्या कसोटीचा शेवटचा दिवस आम्ही दोघांनी मिळून पाहिला. महंमद सिराज पाचही कसोट्या खेळला होता. त्याने मालिकेत १८५ च्या वर षटके टाकली आणि २३ बळी घेतले. पुतण्या म्हणाला, "काका, बघा सिराज! दमला का?" मी म्हटले, "तो एकतीस वर्षांचा आहे. सतराव्या वर्षी कुणी त्याच्याकडून हे करून घेतलं असतं, तर आज तो दिसला नसता."

तेवढ्यात इंग्लंडचा ख्रिस वोक्स मैदानात उतरला. आदल्या दिवसांत क्षेत्ररक्षण करताना त्याचा खांदा निखळला होता. तो हात झोळीत बांधून, स्वेटरच्या आत दडवून, एकाच हाताने बॅट धरून तो आला. सारे प्रेक्षक उभे राहिले. मीही नकळत टाळ्या वाजवू लागलो. पुतण्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, ह्याला कुणी कर्ण्यावरून बोलावलं नसेल ना?"

माझे हात तिथेच थांबले. भारत सहा धावांनी जिंकला. आमच्या घरात पेढे आले, पण मला ते गोड लागले नाहीत.

पोळ्याला आम्ही दोघे मिळून गावी गेलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. शहरातल्या वाचकांपैकी अनेकांनी हा शब्द ऐकला नसेल. त्या दिवशी बैलांना धुतात, वर्षभर जू वाहिलेल्या त्यांच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळतात, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. ज्या अवयवाने काम केले त्याच अवयवाला हात लावून आभार मानायचे, असा हा सण आहे. दादा ओसरीसमोर बैलाच्या खांद्याला लोणी चोळत बसला होता. बाजूला एक नवा गोऱ्हा बांधला होता. अंगाने चांगला भरलेला, डोळ्यांत मस्ती. मी म्हटले, "याला औताला लावला का रे यंदा?"

"छे!" दादा म्हणाला. "दोन दातांवर हाय अजून. सकाळच्या पारी घटकाभर म्हाताऱ्यासंगं वखराला धरायचा, मऊ रानात. ऊन झालं की सोडायचा. अंगात रग हाय, तो थांबतो व्हय? आपण थांबवायचं असतं. आत्ता ताणला तर खांदा सुजतो. एकदा का खांदा गेला, की जनावर जन्मभर जू बघून मागं सरतं."

बोलता बोलता तो थबकला. समोर पुतण्या पाण्याची बादली घेऊन उभा होता, डाव्या हातात. दादा कितीतरी वेळ त्या हाताकडे पाहत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "गोऱ्ह्याचा खांदा कळतो आपल्याला. पोराचा कळला न्हाई."

'आपल्याला' म्हणाला तो. माझी चूक त्याने निम्मी स्वतःच्या अंगावर घेतली होती. एप्रिलपासून जे त्याने बोलायला हवे होते असे मला वाटत होते, ते तो असे बोलला. मी काय म्हणणार? मराठीचा प्राध्यापक असूनही मला शब्द सापडेना. मग मीच पुतण्याला म्हटले, "त्या दिवशी चुकलो रे मी. तू योग्य तेच करत होतास."

तो हसला. दादाने ताटलीतले उरलेले लोणी बोटांवर घेतले आणि काही न बोलता त्याच्या उजव्या खांद्याला लावले. पोरगं नव्या पिढीचं. म्हणालं, "आबा, लोण्यानं काही होत नसतं. रबराची पट्टी आणलीय मी." पण खांदा त्याने मागे घेतला नाही.

आता तो पुन्हा गोलंदाजी करतो. एक वही केली आहे. रोज टाकलेले चेंडू तिच्यात मांडतो, आणि आठवड्याचा आकडा ठरलेल्या रेघेवर गेला की थांबतो. दसऱ्यानंतर त्याच्या कर्णधाराचा फोन आला. दिवाळीच्या सुटीत स्पर्धा आहे, एका दिवसात तीन सामने. पुतण्या म्हणाला, "एक सामना खेळीन." पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग कर्णधार म्हणाला, "बरं, बघतो." त्याने दुसरा मुलगा घेतला. सोळा वर्षांचा आहे, चेंडू फार वेगाने टाकतो, असे ऐकतो.

पुतण्या त्या दिवशी जेवला नाही. त्याचे म्हणणे खरे होते, निर्णय बरोबर होता, आणि तरीही त्याची जागा गेली होती. मी त्याला धीर दिला, पण तो पोकळ होता हे दोघांनाही ठाऊक होते. एकट्या मुलाने शहाणे होऊन भागत नाही; मांडवातल्या माणसांनी शहाणे व्हायला हवे.

म्हणून मी यंदा भाऊबीज आटोपली की त्या स्पर्धेला जाणार आहे. त्या सोळा वर्षांच्या मुलाला मी ओळखत नाही, त्याच्या घरच्यांनाही नाही. पण माझी मांडवातली खुर्ची अजून शाबूत असेल, आणि कुणाचा तरी घसा बसेलच. ध्वनिक्षेपक हाती आला, आणि त्या मुलाने खांदा दाबून धरलेला दिसला, तर मी एकच शब्द बोलणार आहे. आमच्या गावात तो चारशे वर्षांपूर्वी एका पोराने ऐकला होता.